चीजवस्तू न मिळाल्यास

१

पुतळा झालेल्या माणसांचं मला कौतुक नाही. आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये असे पुतळे गावोगाव उभे आहेत, आणि त्यांच्या सह्यांसाठी एकमेकांच्या उरावर बसणारे लोकही पुष्कळ आहेत. त्यांना सही हवी असते ती देश घडवतानाची. मला त्याच्या आधीची हवी. ही सगळी थोर मंडळी तेव्हा घोड्यावरून कोर्टाकोर्टांत हिंडणारे वकील होते, कुणाच्या डुकराने कुणाचा मका खाल्ला यावर घसा कोरडा करत होते, आणि ज्या राजाला पुढे हाकलून लावलं त्याच राजाच्या नावाने जप्तीचे हुकूम काढत होते. असल्या कागदांना मोठे संग्राहक नाक मुरडतात. म्हणून तर ते माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तरणीच्या वाट्याला येतात.

माझ्या नवऱ्याला, एमरीला, या छंदाची भारी चीड. भांडणारे मेले, वकील मेले, न्यायाधीश मेले, आता तू कुणाला तारखा देत बसलीस, असं तो विचारायचा. पण संध्याकाळी नवा कागद मोठ्याने वाचून दाखवला नाही तर त्यालाच चैन पडायचं नाही. गेल्या हिवाळ्यात त्याची उजवी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली, धारेसकट.

यंदा माझ्या वाढदिवसाला त्याने मला न सांगता कॉर्लिसला फोन केला आणि एक कागद मागवला. कॉर्लिस म्हणजे पलीकडच्या गावातला जुन्या कागदांचा व्यापारी. एवढ्या संसारात एमरीने मला पहिल्यांदाच कागद भेट दिला होता. मी रडले, आणि रडले म्हणून त्याने माझी थट्टा केली.

कागद सुरेख होता. खाली जोसाया लाइडची तरुणपणची ऐटबाज सही. हा पुढे फिलाडेल्फियाला काँग्रेसमध्ये जाऊन बसला. थँकफुल मॉस नावाच्या विधवेने कुणाला तरी हातमाग वापरायला दिला होता, तो परत आला नाही, म्हणून तिच्या वतीने काढलेला जप्तीचा हुकूम. कुणाविरुद्ध, ते कळायला मार्ग नव्हता. कागदाची घडी असताना उंदराने एकदाच कुरतडलं होतं आणि उलगडल्यावर त्याची दोन भोकं झाली होती. एकात प्रतिवादीचं नाव गेलं, दुसऱ्यात साल. मागची बाजू कोरी होती, म्हणजे हा हुकूम निघाला, पण कुणी बजावलाच नव्हता.

संध्याकाळी मी तो वाचून दाखवला. प्रतिवादीची चीजवस्तू जप्त करावी. चीजवस्तू न मिळाल्यास त्याचा देह ताब्यात घ्यावा व त्यास सांभाळून ठेवावे. मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी कोर्टापुढे जाब द्यावा. यात कसूर होऊ नये.

"देह न्यायचा तर दोन खेपा माराव्या लागतील म्हणावं," एमरी म्हणाला. "माझा एका वेळी अर्धाच हलतो."

आम्हा संग्राहकांची एक रीत आहे. कागद कुठून आला ते मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला माग लागतो. एरवी हे कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहितात. पण ही भेट होती, आणि पाठ सगळी कोरी होती, म्हणून मी ऐसपैस मधोमध लिहिलं: एमरी टारबेल, मिल लेन. मग त्याच्या गालाचा मुका घेतला आणि बीन्स गरम करायला ठेवले.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घ्यायला दार उघडलं तर उंबऱ्यावर लाकडाची ढलपी पडली होती. तळहाताएवढी, ओली, पांढरीस्वच्छ. मेपलचा वास येत होता. एमरी पडल्यापासून आमच्याकडे लाकूड फोडणं बंद आहे, घर तेलाच्या हीटरवर तापतं, आणि लाकडांच्या खोपटात फक्त कोळ्यांची जाळी आहेत. फाटकापर्यंतचं बर्फ जसंच्या तसं होतं. त्यावर पाऊल नव्हतं.

मला आधी हसू आलं. जुन्या काळी शेरीफचा माणूस हुकूम बजावायला आला की गाय किंवा पलंग ओढत न्यायचा नाही. लाकडांच्या ढिगाजवळची एक ढलपी उचलायचा, नावापुरती. ती जप्त केली म्हणजे सगळी मालमत्ता कायद्याच्या नजरेखाली आली. माझ्या संग्रहातल्या कित्येक हुकमांच्या पाठीवर असे शेरे आहेत. एक टोपी जप्त केली. एक खुर्ची जप्त केली. एक ढलपी जप्त केली व समन्स घरी ठेवले.

मी ढलपी एमरीपुढे धरली. जन्मभर लाकडाच्या गिरणीत राबलेला माणूस, त्याने ती डाव्या हातात फिरवली, हुंगली.

"रुंद पात्याच्या कुऱ्हाडीची आहे," तो म्हणाला. "माझ्या आजोबाकडे होती तसली. कुणी दिली?"

कुत्र्याने आणून टाकली असेल, मी म्हटलं. बर्फावर कुत्र्याचंही पाऊल नव्हतं, पण ते मी बोलले नाही. मी मुलांना आयुष्यभर विज्ञान शिकवलं. वारा असतो, कावळे असतात, आणि म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यात वाचलेलं घोळत असतं. ढलपी मी रिकाम्या लाकूडपेटीत टाकली. तरी भांडी घासताना राहून राहून एक गोष्ट मनात येत होती. हुकमाच्या पाठीवर मधोमध मी जिथे लिहिलं, तीच शेऱ्याची जागा. कुणावर बजावला आणि कुठे, ते तिथेच लिहितात.

३

मार्चचा दुसरा मंगळवार आला आणि गेला. मी त्या दिवशी मुद्दाम ॲपल पाय भाजला, गरज नसताना पडदे धुतले, आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दिवसभर तेच केलं. आमच्या गावात कोर्ट जिथे होतं तिथे आता आगीचे बंब उभे असतात. जाब द्यायला जायचं म्हटलं तरी कुठे जाणार?

त्यानंतर एमरीच्या वस्तू दिसेनाशा व्हायला लागल्या.

आधी खुंटीवरची त्याची लाल-काळ्या चौकड्यांची टोपी गेली. मग बर्फात चालायचे जाळीचे जोडे. मग तळघरातले रंधे, जे त्याच्या वडलांचे होते. मी दर वेळी कारण शोधलं. टोपी गाडीत राहिली असेल, जोडे मीच कुणाला दिले असतील. रंध्यांना मात्र कारण सापडेना. तळघराच्या पायऱ्या एमरी उतरू शकत नाही, आणि फळीवर धुळीत त्यांचे आकार नीट उमटून राहिले होते.

त्याच सुमाराला दुपारचा आवाज सुरू झाला. एमरी जेवून डुलक्या घ्यायला लागला की वरच्या मजल्यावर कुणीतरी चालायचं. चार पावलं, मग थांबणं. पुन्हा चार पावलं. चोर असा चालत नाही. दुकानात माल बघत हिंडणारं गिऱ्हाईक असं चालतं. मी जिन्याखाली कठडा धरून उभी राहायचे. आवाज एमरीच्या कपाटापाशी रेंगाळायचा आणि माझ्या कपाटावरून सरळ पुढे जायचा. वर जाऊन पाहिलं की खोली थंड असायची आणि एमरीचं काहीतरी कमी झालेलं असायचं. माझ्या वस्तूला बोट लागलेलं नव्हतं. टोपीच्या शेजारच्या खुंटीवर माझा चांगला लोकरी कोट होता, तो तिथेच होता.

मी एका जागी बसू शकत नव्हते. बसले की ऐकू यायचं, म्हणून मी चालत राहायचे, आणि चालायला लागले की वरची पावलं थांबायची. ती माझी पावलं ऐकत असावीत.

"विनी, गाईसारखी फेऱ्या काय मारतेस?" एमरी टेबलाशी बसून म्हणायचा. थेरपी द्यायला येणारी पोरगी त्याला डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहायला लावायची. पानभर एमरी, एमरी, एमरी. पहिलं अक्षर, इंग्रजी E, तुटक्या फणीसारखं, दात वाकडेतिकडे. एमरीचं म्हणणं, शाळेत इतकं लिहिलं असतं तर आपणही पुतळा झालो असतो.

४

शेवटी मी तो कागद घेऊन कॉर्लिसकडे निघाले. बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला होता, गाडी रुतत होती, आणि एमरीला एकट्याला सोडल्याची टोचणी सगळी वाट सोबत होती. कॉर्लिसला म्हटलं, हा परत घ्या, उंदराने खाल्लेला आहे. त्याने कागद उलटा केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"टारबेलबाई, नाव कुठे लिहिलंत हे? ही तर शेऱ्याची जागा. नवशिक्यासुद्धा इथे लिहिणार नाही."

"भेट होती," मी म्हटलं.

"मग खोडा. रबर आहे ना घरी? पण विकलेला कागद मी परत घेत नसतो." मग मी कागद पिशवीत परत ठेवताना बघून त्याला वाटलं असावं की मला वाईट वाटलं, आणि तो मला रमवायला जुन्या गमती सांगू लागला. त्या काळची माणसंही बिलंदर होती म्हणाला. जप्तीचा वास आला की घरदार, गुरंढोरं सगळं बायकोच्या भावाच्या नावावर करून मोकळी. बेलीफ यायचा, बघायचा, तर याच्या मालकीचं टोपीशिवाय काही नाही.

"मग काय करायचा तो?" मी विचारलं.

"टोपी न्यायचा. आणि टोपी संपली की माणूस. तुम्ही वाचलंय की सगळं."

तो हसला. मी हसू शकले नाही. एमरी पडला तेव्हा आमच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं की उद्या याला शुश्रूषागृहात ठेवायची वेळ आली तर सरकार खर्च उचलण्याआधी याची मालमत्ता संपवायला लावेल, तेव्हा सगळं आत्ताच तुमच्या नावावर करा. घर, जमीन, गाडी, बँकेतलं, सगळं माझ्या नावावर झालं. सही करायला त्याचा हात मी धरला होता. आता माझे पायमोजे तेवढे माझे, असं तो त्या दिवशी म्हणाला होता, आणि वकीलबाईंसकट आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

येताना गाडी मी कशी चालवली ते मला आठवत नाही.

५

एमरी स्वयंपाकघरात माझ्या खुर्चीत बसला होता. त्याची खुर्ची, हात टेकायला दांडे असलेली, त्याने स्वतः केलेली, जागेवर नव्हती. फरशीवर चार पायांच्या खुणा होत्या.

"नेली," तो म्हणाला.

"कुणी?"

"मी डोळे मिटून होतो. उघडावेसे वाटले नाहीत." तो उजव्या हाताकडे बघत होता. तो हात मांडीवर मी सकाळी ठेवला तसाच पडला होता. "सभ्य आहे गं तो. ओढलं नाही, ढकललं नाही. हाताला धरून उठवलं आणि इथे आणून बसवलं. या हाताला धरलं, विनी. आणि मला कळलं."

"काय कळलं?"

"बोटं. त्याची बोटं. एक वर्ष या हाताला सुई टोचलेली कळत नाही, आणि त्याची बोटं कळली. गरम होती."

मी ओरडले. काय ओरडले ते महत्त्वाचं नाही. एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते, आणि तो रागावला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. त्याच्या चेहऱ्यावर विचार होता. चांगल्या लाकडाची फळी हातात आली की पूर्वी तो असा दिसायचा.

मी फडताळाच्या आड गेले, कागद काढला, पाठीवरचं त्याचं नाव रबराने खोडलं आणि तिथेच, मधोमध, माझं नाव लिहिलं. विनिफ्रेड टारबेल, मिल लेन. मनात हिशेब साधा होता. एमरीचं काही उरलं नाही, पण माझं भरलेलं घर आहे. ने बाबा. हवं ते ने. माझं सगळं संपेपर्यंत तुला वर्षं लागतील.

दुसऱ्या सकाळी उंबऱ्यावर ताजी ढलपी होती. ती उचलताना मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल.

६

वर्षं लागली नाहीत.

माझा लोकरी कोट गेला. आईच्या गोधड्या गेल्या. भिंतीवरचं घड्याळ गेलं, आणि त्याची टिकटिक गेल्यावर पावलं जास्तच ऐकू येऊ लागली. आता ती दुपारची वाट बघत नव्हती. मी खालच्या खोलीत असले तर वर, वर गेले तर खाली. माझ्या सह्यांची पेटी गेली, त्यात घोड्यावर हिंडणारे माझे सगळे वकील होते, आणि त्या जागेकडे बघून मी म्हटलं, बरं झालं. फक्त तो एक कागद फडताळात राहिला. जेवणाचं टेबल गेलं त्या दिवशी आम्ही ताटल्या मांडीवर घेऊन जेवलो.

वसंताची साफसफाई काढलीय, चर्चच्या विक्रीला सामान दिलं, असं मी एमरीला सांगितलं. तो पोकळ खोल्यांतून काठी टेकत हिंडायचा. घरात प्रतिध्वनी यायला लागला होता.

"चर्चवाले फार सकाळी येतात," तो एकदा म्हणाला. मी न ऐकल्यासारखं केलं. मग त्याने जरा वेळाने विचारलं, "तुझं पांढरं रबर देतेस? माझी अक्षरं फार चुकतात."

मी दिलं. डोक्यात शंभर विवंचना होत्या. काय काय उरलंय याचीच मी उजळणी करत होते, कारण उरलं होतं फार थोडं. चूल, पलंग, दोन पातेली, एक खुर्ची. मग मी माझी तयारी केली. एमरीच्या बहिणीला फोन करून तिला उन्हाळ्यात राहायला येशील का विचारलं. त्याच्या गोळ्यांच्या डब्या ओळीने लावल्या. त्याची दाढी केली आणि करताना त्याचा चेहरा नको इतका वेळ बघितला.

"दुखतंय का कुठे?" त्याने विचारलं.

"नाही. उगाच."

"माझ्याशी खोटं बोलायला तू कधी शिकलीच नाहीस," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने माझ्या तोंडावरचा साबण पुसला. मला वाटलं त्याला चर्चबद्दल म्हणायचंय.

७

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं. मी मागच्या अंगणात चादर वाळत घालत होते, शेवटची उरलेली. चिमटे लावता लावता माझ्या लक्षात आलं की घरात पावलं वाजत नाहीयेत. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच मी नुसता वारा ऐकत होते.

मी आत गेले. एमरीची काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. खुर्चीवर रबराचा भुगा पडला होता, बराच, नीट खोडायला जमलं नसावं. फडताळाचं दार उघडं होतं. कागद पालथा ठेवला होता. माझं नाव गेलं होतं. त्या जागी मोठ्या, थरथरत्या, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत एमरी लिहिलं होतं. पहिल्या अक्षराचे दात वाकडेतिकडे होते.

मी पुढच्या खिडकीशी धावले.

दोघं फाटकाबाहेर पोचले होते. एमरी काठीशिवाय चालत होता. त्याच्या उजव्या अंगाला कुणीतरी होतं, त्याचं कोपर धरून. मला पाठ दिसली, काळसर लांब कोट दिसला, आणि डोक्यावर लाल-काळ्या चौकड्यांची टोपी. चिखलात जिथे चाकोरी खोल होती तिथे तो थांबत होता, एमरीला पाय टाकू देत होता, मग पुढे निघत होता. इतकं सांभाळून त्याला मीसुद्धा कधी नेलं नव्हतं.

मी काचेवर हात आपटले. हाक मारली. एमरी वळला नाही, पण त्याने हात वर केला, गिरणीत जाताना करायचा तसा. उजवा हात. मी दार उघडून फाटकाशी पोचले तेव्हा रस्ता रिकामा होता, आणि चिखलात एकाच माणसाची पावलं थोडी पुढे जाऊन संपली होती.

रस्त्यापलीकडचा नदीकाठ धुंडाळून पोलीस परत गेले. आजारी माणूस, निसरडा काठ, त्यांना कारण सापडलं. घर रिकामं कसं झालं हे त्यांनी विचारलं, मी चर्चचं नाव सांगितलं, आणि त्यांनी पुढे विचारलं नाही.

मी एमरीचं नाव खोडून पुन्हा माझं लिहिलं आहे. फिकट झालं की मी ते गिरवते. इतक्या वेळा खोडून तिथे कागद पातळ झाला आहे, उजेडात धरला तर पलीकडची लाइडची सही दिसते. माझ्याकडे आता चूल आहे, खुर्ची आहे, आणि मी आहे. रोज सकाळी पेपर यायच्या आधी मी दार उघडते. उंबऱ्यावर काही नसतं.